ऑपरेशन झालं, रिपोर्ट नॉर्मल, मग फळ्यावरचं वहीत का उतरत नाही?

आजचं पत्र, थोडं कापून:

"मावशी, मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत. जन्मल्यावर निळा पडला होता, हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या उलट्या होत्या, टीजीए म्हणतात त्याला. अकराव्या दिवशी मुंबईत ऑपरेशन झालं. आता हार्ट एकदम छान, वर्षातून एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतो, नॉर्मल येतो. पण शाळेतून रोज तक्रार. फळ्यावरचं अर्धंच उतरवतो, बेरीज मांडली की आकडे एकाखाली एक येत नाहीत, डबा संपवायला सगळ्यांच्या मागे. बाई म्हणतात डोकं आहे पण आळशी आहे. गोष्टी मात्र तासभर सांगेल. मी रात्री मोबाईलवर शोधलं तर लिहिलं होतं की अशा मुलांचा मेंदू जन्मतःच लहान असतो, तेव्हापासून झोप उडाली आहे. मिस्टर म्हणतात डॉक्टर ठीक म्हणाले ना, मग खुसपटं काढू नको. सासूबाई म्हणतात पाचव्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरलीस. शाळेला आम्ही ऑपरेशनचं सांगितलेलंच नाही, आजारी पोरगा असा शिक्का बसेल म्हणून. सांगू का? आणि माझं नक्की चुकलं काय?
– सांगलीकडची एक आई"

अगं, आधी ते ग्रहण मिटवून टाकू, कारण ते मध्ये असेल तर पुढचं काही तुझ्या डोक्यात शिरणार नाही. बाळाच्या हृदयाचे कप्पे, झडपा, त्या दोन नळ्या, हे सगळं बांधकाम पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच उरकलेलं असतं, कित्येकींना तोवर दिवस गेलेत हे नुकतं कुठे कळलेलं असतं. म्हणजे पाचव्या महिन्यात तू विळीवर बसलीस तेव्हा त्या नळ्या कधीच्या उलट्या जोडून झालेल्या होत्या. आणि दुसऱ्या महिन्यात चिरली असतीस तरी काही फरक पडला नसता, भाजी ही भाजीच. दर हजार जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळं हृदयात काहीतरी दोष घेऊन येतात, ग्रहण न पाळणाऱ्या देशांत पण आणि पाळणाऱ्या घरांत पण. सासूबाईंशी यावर वाद घालू नकोस, वेळ वाया जाईल. स्वतःशी घालत असशील तर तो मात्र आजच थांबव.

आता रात्री जे वाचलंस त्याबद्दल. तू वाचलंस ते खोटं नाहीये, पण तू ते अर्धं वाचलंयस, आणि रात्री एक वाजता अर्धं वाचलेलं नेहमी वाईटच निघतं.

पोटात असताना बाळाला ऑक्सिजन येतो तो वारेतून, फुफ्फुसं तेव्हा नुसती बसलेली असतात. आणि निसर्गाने काय सोय केलीये बघ, वारेतून आलेलं सगळ्यात ताजं रक्त हृदयाच्या आतल्या एका खिडकीतून डावीकडे वळवलं जातं आणि तिथून थेट डोक्याकडे जातं. तव्यावरची पहिली गरम पोळी मेंदूच्या पानात, असं समज. तुझ्या मुलाच्या नळ्या उलट्या होत्या, त्यामुळे ती पहिली पोळी जात होती फुफ्फुसांकडे, ज्यांना तेव्हा भूकच नव्हती, आणि मेंदूच्या पानात जरा शिळं. उपाशी नाही राहिला तो, पण शेवटचे तीन महिने जेव्हा मेंदू सगळ्यात जोरात वाढतो, घड्या पडतात, जोडण्या होतात, तेव्हा त्याला जेवढं हवं होतं त्यापेक्षा कमी मिळालं.

टोरांटोच्या डॉक्टरांनी पोटातल्या बाळांचे एमआरआय काढून हे मोजलं, २०१५ मध्ये छापून आलं. हृदयदोष असलेल्या बाळांचा मेंदू सरासरी ३२ टक्के कमी ऑक्सिजन वापरत होता आणि आकाराने सरासरी १३ टक्के लहान होता. तू वाचलंस ते बहुतेक हे किंवा असंच काहीतरी असणार. पण २००९ मध्ये फिलाडेल्फियाहून एक अभ्यास आला होता तो पण वाच, त्यात पूर्ण दिवस भरून जन्मलेली बाळं होती, काहींना तुझ्या मुलासारखं टीजीए, काहींच्या हृदयाची डावी बाजूच नीट वाढलेली नव्हती, आणि सगळ्यांचे स्कॅन ऑपरेशनच्या आधी काढलेले. तर त्यांच्या मेंदूची घडण साधारण महिनाभर मागे दिसली. म्हणजे नववा महिना भरून आलेलं बाळ पण मेंदू आठव्यातल्यासारखा. असा मेंदू ऑक्सिजन कमी पडला की पटकन दुखावतो, कमी दिवसांच्या बाळांना जसं होतं तसंच, आणि नेमकं त्याच दिवसांत त्याला भूल, हार्ट-लंग मशीन (ऑपरेशनभर हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं), आयसीयू हे सगळं सोसावं लागतं. त्याने ते सोसलं, आणि आता तुला तासभर गोष्टी सांगतोय.

मुद्दा काय, तर सुरुवात ऑपरेशनच्या आधीच झालेली असते. तुझ्या सर्जनचं काही चुकलं असं यातून निघत नाही, आणि तुझं तर नाहीच नाही.

यातला एक अभ्यास मला फार जवळचा वाटतो, कारण तो नेमका तुझ्या मुलासारख्याच मुलांवर आहे. बॉस्टनला १९८८ ते १९९२ या काळात टीजीएचं ऑपरेशन झालेली १७१ बाळं. तेव्हा डॉक्टरांमध्ये वाद होता की ऑपरेशन करताना बाळाला खूप थंड करून रक्ताभिसरण पूर्ण बंद ठेवायचं की मशीनने थोडं थोडं चालू ठेवायचं, मेंदूला कमी इजा कशाने होईल. त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले आणि जेन न्यूबर्गर, डेव्हिड बेलिंजर वगैरे मंडळी त्या पोरांच्या मागे अक्षरशः १६ वर्षं लागली. १ वर्षाची झाल्यावर तपासलं, ४ ला तपासलं, ८ ला, मग १६ ला. एवढी चिकाटी आपण भिशीत पण दाखवत नाही. आणि १६ व्या वर्षी कळलं काय, तर ज्यावरून एवढा वाद होता त्या दोन पद्धतींमध्ये फारसा फरकच उरला नव्हता. पण दोन्ही गट मिळून बघितलं तर बुद्ध्यंक सरासरीच्या आसपास आणि तरी जवळजवळ ६५ टक्के मुलांना शाळेत कधी ना कधी काहीतरी जादा मदत घ्यावी लागली होती. हे वाक्य मिस्टरांना वाचून दाखव. बुद्धी ठीक आणि तरी मदत लागली, दोन्ही एकाच मुलाच्या बाबतीत खरं असू शकतं.

८ व्या वर्षी, म्हणजे तुझ्या मुलाच्या वयात, त्या मुलांना एक चित्र उतरवायला दिलं होतं. चौकोन, त्याच्या आत तिरक्या रेघा, बाजूला त्रिकोण, एक वर्तुळ, अशी किचकट आकृती, समोर ठेवून कागदावर उतरवायची. बऱ्याच मुलांना ते जमायला जड गेलं. रेघा मारता येत होत्या, पण आधी मोठा चौकोन मग आतलं असा आराखडा डोक्यात बसत नव्हता, मग एक तुकडा इथे एक तुकडा तिथे. मला हे वाचताना ठिपक्यांची रांगोळी आठवली. ज्याला जमतं तो आधी ठिपक्यांचा पूर्ण साचा बघतो, मग रेघ ओढतो. ज्याला जमत नाही तो एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जातो आणि मध्येच हरवतो. हात चांगला असतो गं, आख्खं चित्र एकदम डोळ्यापुढे राहत नाही.

आता फळ्याकडे ये. फळ्यावर 'पाणी हेच जीवन आहे' असं लिहिलंय. मुलाने मान वर करायची, त्या सगळ्या अक्षरांतून आपली ओळ शोधायची, दोन शब्द डोक्यात धरायचे, मान खाली, वहीत आपण कुठे होतो ते शोधायचं, पेन्सिल नीट पकडायची, लिहायचं, तोवर ते दोन शब्द डोक्यात टिकले पाहिजेत, परत मान वर, परत ओळ शोध. बाकीच्यांना यातलं काही जाणवत पण नाही. तुझ्या मुलाला बहुतेक प्रत्येक पायरी जाणवते, आणि चौथ्या ओळीपर्यंत बाई फळा पुसतात. गणितातले आकडे एकाखाली एक न येणं हे त्याच घरातलं भावंड आहे. डबा पण, कारण बोटांची बारीक कामं अशा मुलांना हळू होतात. तू लिहिलं नाहीस पण मला वाटतं चालायला पण उशीर झाला असेल, शर्टाची बटणं अजून तूच लावत असशील. २२ केंद्रांमधल्या १,७७० मुलांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये एक अहवाल आला होता, तान्हेपणी हृदयाचं ऑपरेशन झालेली, साधारण सव्वा वर्षाची मुलं, त्यात हालचालींचे गुण सरासरी ७७ च्या आसपास आणि समजेचे ८८ च्या आसपास, जिथे १०० हे नेहमीचं. म्हणजे अंग मागे, डोकं त्याच्या पुढे. तुझ्या घरी तेच दिसतंय, गोष्टी तासभर आणि वही कोरी.

मी स्वतः २६ वर्षं शिकवलंय, त्यातली शेवटची बरीच वर्षं वेगळी मदत लागणाऱ्या मुलांबरोबर. पण सुरुवातीला मी साधी वर्गशिक्षिका होते आणि एका मुलीला मी वर्षभर 'धांदरट' म्हणत होते. भर वर्गात. तिच्या आईवडिलांनी पण काही सांगितलेलं नव्हतं. गॅदरिंगला ड्रेस घालताना मला तिच्या छातीवरचा तो उभा व्रण दिसला आणि विचारल्यावर ती म्हणाली, बाई कोणाला सांगू नका, आई रागावेल. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, व्रण आणि वही यांचा संबंध असेल हे डोक्यात पण आलं नाही, पण ती पोर दोन गोष्टी लपवत होती आणि मी तिला एकीबद्दल रोज ओरडत होते हे कळलं. आजही ते आठवलं की जेवण गोड लागत नाही. म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हो आहे, सांग शाळेला. शिक्का तर बसलेलाच आहे की, 'आळशी'. तो पुसायला दुसरं काहीतरी सांगावंच लागेल.

पण रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आधी तपासणी करून घे. हृदयाच्या डॉक्टरांनी ठीक आहे म्हटलं ते हृदयाबद्दल, इकोत मेंदू दिसत नाही. मिस्टरांचं इथे चुकतंय, आणि त्यांचं तरी काय, कुठल्याही बापाला ते 'नॉर्मल' ऐकून फाईल कपाटात वर टाकायची असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय की तान्हेपणी ओपन हार्ट झालेल्या मुलांची विकासाची तपासणी ठरलेल्या वयांना व्हावी, १ ते २ वर्षं, मग ३ ते ५, मग ११-१२, आणि २०२४ मध्ये त्यांनी ते नव्याने मांडलं. आपल्याकडे हे डिस्चार्ज देताना क्वचित कोणी सांगतं. तुमच्या पहिल्या दोन वेळा हुकल्या असतील तर हुकल्या, तिसरीसाठी ११ वर्षांचा व्हायची वाट बघत बसू नका, तक्रार आत्ता आहे तर तपासणी आत्ता.

जायचं कुणाकडे, तर डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर, मिळाले तर उत्तम, नाहीतर मुलांची तपासणी करणारे सायकॉलॉजिस्ट, सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात शोधलंस तर सापडतील. खर्चाचं टेन्शन असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून केंद्र असतं, मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं, त्याची चौकशी कर. ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, २०१३ पासूनचं, शाळेत जी टीम वजन-उंची घ्यायला येते ना तीच योजना, त्यात १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात. जाताना डिस्चार्ज समरी, गेल्या दोन इकोचे रिपोर्ट आणि त्याच्या दोन-तीन वह्या घेऊन जा, चांगली पानं निवडू नकोस, फाटकी-तुटकी जशी आहेत तशी. आणि नुसता आयक्यूचा एक आकडा घेऊन घरी येऊ नकोस. त्यांना स्पष्ट म्हण, लक्ष, डोक्यात धरून ठेवणं, बघून उतरवणं, हाताची बारीक कामं आणि वाचन-लेखन हे सगळं वेगवेगळं बघा. एका सरासरी आकड्यात त्याचं चांगलं आणि कच्चं मिसळून जातं आणि मग कोणीतरी म्हणतं, अहो नॉर्मल तर आहे.

त्याआधी डोळे आणि कान तपास. हसू नकोस, महागडी टेस्ट करून झाल्यावर चष्मा निघालेला मी बघितलाय. आणि कानाचं तर खरंच महत्त्वाचं, तान्हेपणी हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलांमध्ये ऐकू कमी येण्याचं प्रमाण जास्त असतं आणि थोडंसं कमी येत असेल तर घरी कळत पण नाही. हिमोग्लोबिन आणि लोह पण बघून घ्या.

रिपोर्ट आला की बाईंना भेट, मेसेज नको, समोर बसून. पण काय बोलायचं ते मी लिहून देते, कारण आपण अशा वेळी एकतर रडतो नाहीतर भांडतो. "बाई, याचं अकराव्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन झालंय, हृदय आता ठीक आहे, धावू-खेळू शकतो. पण अशा मुलांना फळ्यावरून उतरवायला आणि एका वेळी दोन-तीन सूचना लक्षात ठेवायला जड जातं, हा रिपोर्ट. त्याला पुढे बसवाल का, आणि लांबलचक लिहायचं असेल तर मला फोटो पाठवाल का, मी घरी उतरवून घेईन. तोंडी विचारलंत तर त्याला काय येतं ते कळेल." बास. 'धावू-खेळू शकतो' हे बोलण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी घे, पीटीत काय चालेल काय नाही. नाहीतर शाळा घाबरून त्याला झाडाखाली बसवते, आणि एवढं सगळं करून पोरगा झाडाखाली बसला तर काय उपयोग. आणि हो, तपासणीत लिहिण्या-वाचण्याची अक्षमता निघालीच तर पुढे बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ वगैरे सवलती मिळतात, पण त्याचा विचार आज नको, तिसरीत आहे तो.

घरी गणिताला चौकटीची वही आण, एका चौकटीत एक आकडा, हे उद्यापासून करता येईल. उतरवताना पट्टी ओळीखाली ठेवायची. सूचना एका वेळी एक, 'दप्तर ठेव, हात धू, डबा बाहेर काढ आणि आजीला हाक मार' यातलं त्याच्यापर्यंत दप्तर ठेव एवढंच पोचतं आणि मग तुला वाटतं ऐकत नाही. बटणं त्याला लावू दे, दहा मिनिटं लागली तरी, सकाळी जमत नसेल तर संध्याकाळी. कणकेचे गोळे, शेंगा सोलणं, मोदकाच्या कळ्या, जे चालू असेल त्यात हात घालू दे. तपासणीत सांगितलं तर ऑक्युपेशनल थेरपी लाव, ती याच कामाची. आणि आम्ही त्याला वाचवला म्हणून आता त्याला काहीच कष्ट नकोत, असं घरात चाललंय का ते जरा बघ. तू लिहिलं नाहीस पण सासूबाई डबा भरवत असतील असं मला उगाच वाटलं. प्रेमच आहे ते, पण बोटांचा व्यायाम जातो.

बॉस्टनच्या आकड्यांनी घाबरू नकोस, ती मुलं पस्तीसेक वर्षांपूर्वीची, तेव्हाचं मशीन तेव्हाची भूल. त्यानंतर बरंच बदललंय. आणि सरासरी म्हणजे तुझा मुलगा नव्हे, त्यातल्या कित्येकांना काहीच मदत लागली नाही. तुझ्या मुलाचं नेमकं काय ते त्याच्या रिपोर्टमध्ये कळेल, मोबाईलवर नाही. रात्री शोधणं बंद कर, जे काही विचारायचंय ते एका कागदावर लिही आणि डॉक्टरांपुढे ठेव.

राहता राहिला तो स्वतः. पत्राच्या शेवटी, मी वर कापलेल्या भागात, तू सहज लिहिलंस की वर्गातल्या मुलांनी व्रणाबद्दल विचारलं तर तो सांगतो वाघाने पंजा मारला. म्हणजे शाळेपासूनच नाही, त्याच्यापासून पण तुम्ही लपवलंय, किंवा सांगितलंय पण दबक्या आवाजात. पुढच्या इकोला बाबांना घेऊन जा आणि डॉक्टरांना म्हण, याला स्क्रीनवर दाखवा. ते हलणारं हृदय, त्या दोन नळ्या, कुठून कुठे शिवल्या. पोरं यात फार रमतात, आणि हा तर गोष्टीवेल्हाळ. नंतर त्याने वर्गात वाघ सांगायचा की नळ्या, ते त्याचं त्याला ठरवू दे. मला विचारशील तर तो दोन्ही सांगेल, वाघाने नळ्या उलट्या केल्या म्हणून.

रिपोर्ट आला की कळव. मिस्टर काय म्हणाले ते पण.

– मावशी